‘गाडीच चांगली होती!’

बैठकीत मी मिशेल मूतोंबद्दल सांगत होते. आमच्या एका कार्यकर्तीला न्यायला तिचा नवरा आला होता. तो दारातूनच म्हणाला, ‘‘हो, पण तिच्याकडे ऑडीची गाडी होती ना!’’ मी त्या वेळी गप्प बसले, पण रात्रभर चरफडले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रॅली म्हणजे गोल मैदानातली शर्यत नव्हे. घाट, खडी, बर्फ, कधी अंधारी रात्र. गाडीत दोघं असतात, एक चालवणार आणि दुसरा वळणं वाचून दाखवणार. फ्रान्समधल्या ग्रास गावची मिशेल 1973 च्या सुमारास अशी वळणं वाचणारीच होती. वडिलांनी तिला स्वतःची गाडी घेऊन दिली, पण एका वर्षात करून दाखव, या अटीवर. 1981 साली इटलीतली सानरेमो रॅली तिनं जिंकली. शेजारी वळणं वाचायला फाब्रिझिया पोन्स ही बाईच होती. जागतिक मालिकेतली रॅली जिंकणारी मूतों पहिली महिला चालक. 1982 साली तिनं पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझीलची रॅली जिंकली. आयव्हरी कोस्टची रॅली सुरू होण्याच्या तोंडावर वडील गेल्याचं कळलं, तरी ती उतरली. आघाडीवर असताना गाडीत बिघाड झाला, मग गाडी उलटली. वाल्टर ऱ्योर्लचे 109 गुण झाले, तिचे 97. जगज्जेतेपद हुकलं.

आता ‘गाडी चांगली होती’बद्दल. होतीच! चारही चाकांना जोर देणारी क्वाट्रो होती ती. ऱ्योर्लच्या ओपेलला तो जोर फक्त मागच्या चाकांना, हेही मान्य. पण ऑडीच्याच संघात फिनलंडचा मुरलेला हान्नु मिक्कोला होता, क्वाट्रोच चालवत होता. त्या वर्षी तो तिसरा आला, मूतोंच्या मागे. पुढच्या वर्षी तो जगज्जेता झाला, तोही क्वाट्रोतच. तेव्हा त्याच्या कर्तबगारीचा हिशेब कुणी गाडीच्या नावावर मांडला का? पुरुष जिंकला की हात त्याचा, बाई जिंकली की इंजिन कंपनीचं.

रॅलीत बाया-पुरुष एकाच रस्त्यावर, एकाच घड्याळावर धावतात. तरी बायकांसाठी वेगळा चषक ठेवलेला असायचा. समजूत काढायला, दुसरं काय!

त्या ब्राझीलनंतर आजतागायत एकाही महिला चालकानं जागतिक मालिकेतली रॅली जिंकलेली नाही. याचा अर्थ लगेच ‘बायकांना जमत नाही’ असा काढतात. मी विचारते, तितकी चांगली गाडी, संघ आणि पैसा त्यानंतर किती जणींच्या हाती दिला? मूतोंकडे पैसे घालणारे वडील होते, पुढं कारखान्याचा संघ आला. हे तिचं श्रेय कमी करण्यासाठी सांगत नाही. उलट, आधार मिळाल्यावर बाई कुठवर जाते, ते त्यात दिसतं. 1986 साली पश्चिम जर्मनीचं रॅली अजिंक्यपद तिनं प्यूजोच्या गाडीतून मिळवलं, म्हणजे ऑडीचाही प्रश्न मिटला.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, श्रीमंतांचा पेट्रोल जाळण्याचा खेळ, आपल्याला काय त्याचं? मलाही तो खेळ फारसा प्रिय नाही. पण त्या गृहस्थांच्या घरच्या स्कूटरचे हप्ते आमच्या मैत्रिणीच्या पगारातून जातात आणि चावी त्यांच्या खिशात असते. पुढच्या बैठकीला ते न्यायला आले, की दारातच त्याबद्दल विचारणार आहे.