हिरवं गोंदण, निळ्या भुवया

आपल्या भागात एकाच गोष्टीला तीन तीन नावं असतात. मराठीत गोंदण, कन्नडमध्ये हच्चे आणि पार्लरच्या पाटीवर टॅटू. नाव कोणतंही घ्या, काम एकच. सुईनं कातडीच्या वरच्या थराखाली रंग घालायचा आणि तो तिथेच राहील असं धरून चालायचं. रंग राहतो हे खरं. पण जसा घातला तसा राहत नाही, हे घालणारी सांगत नाही आणि घालून घेणारी विचारत नाही.

शहापुरात गेली 23 वर्षं माझं छोटंसं पार्लर आहे. थ्रेडिंग, फेशियल, नवरीची तयारी ही माझी कामं. भुवया गोंदण्याचं काम मी करत नाही. पण दुसरीकडे करून घेतलेल्या आणि आता रंग बदललेल्या भुवया माझ्या खुर्चीत नेहमी येऊन बसतात. कुणाच्या निळसर राखाडी, कुणाच्या विटकरी, कुणाच्या चक्क जांभळट. वीस-एक वर्षांपूर्वी ‘परमनंट आयब्रो’ची मोठी हौस होती. तेव्हा बारीक, उंच कमानीची फॅशन होती. फॅशन गेली, कमान राहिली. त्यातून रंग बिघडला की बाई आरशापुढे बसायलाच नको म्हणते.

या बायकांना हसणारे पुष्कळ भेटतात. “कशाला हवी होती ही नसती हौस?” असं घरचेच म्हणतात. मैत्रिणींनो, प्रत्येक वेळी ती हौसच असते असं नाही. चाई पडून भुवई अर्धी गेलेली असते, कॅन्सरच्या औषधांनी केस गळलेले असतात, लहानपणी भाजल्याची खूण असते. चिकोडी तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाई माझ्याकडे येतात, त्यांचं असंच झालं. चाई पडली आणि डावी भुवई जवळजवळ नाहीशी झाली. वर्गातली पोरं टक लावून बघायला लागली, म्हणून 2007 साली त्यांनी दोन्ही भुवया गोंदवून घेतल्या. चार-पाच वर्षांत काळ्याचा निळा झाला. 2015 मध्ये एकीनं त्यावर तपकिरी रंग भरून दिला. पुढे मधोमध निळं आणि कडेनं तांबूस असं काहीतरी झालं. बाईंनी जाड काड्यांचा चष्मा घेतला, हळदीकुंकवाला जाणं सोडलं.

त्या माझ्याकडे आल्या त्या मार्गशीर्षात. वैशाखात मुलाचं लग्न होतं. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की बाहेरच्या कडांवर कातडीच्या रंगाचं गोंदण करू, म्हणजे जुनं दिसणार नाही, एका दिवसाचं काम. आगाऊ पैसे भरायच्या आधी एकदा मला विचारावं म्हणून त्या आल्या होत्या. “ताई, हे करून घेऊ काय हो? नाहीतर फोटोत मी उभीच राहत नाही,” म्हणाल्या. मी त्यांना ‘नको’ म्हटलं. का म्हटलं ते समजायचं तर आधी रंग कसा बदलतो ते बघायला हवं.

काळ्या रंगात बहुतेक वेळा कार्बन असतो, म्हणजे काजळीच. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातावर जे गोंदण होतं तेही काजळीचंच. घालताना काळं, पण म्हातारपणी हिरवट निळं दिसायचं. काजळी काही हिरवी होत नाही. तिच्यावर कातडीचा थर असतो. उजेडातला निळा भाग त्या थरातून विखरून डोळ्याकडे परत येतो, तांबडा भाग खोल जातो आणि काळ्या रंगात जिरून जातो. म्हणून आपल्याला निळं दिसतं. रंग जितका खोल, तितकी निळाई जास्त.

तपकिरीची गोष्ट वेगळी. तो रंग बरेचदा तांबडा, पिवळा आणि काळा अशा लोहाच्या ऑक्साइडांच्या मिश्रणातून करतात. हे तिन्ही सारख्या वेगानं फिके होत नाहीत. काळा-पिवळा आधी कमी झाला की तांबडा मागे उरतो आणि भुवई विटकरी दिसते. कडा पसरतात तेही कातडीच्या आत चाललेल्या हालचालीमुळे. आपल्या कातडीतल्या काही पेशी हा रंग गिळून धरून ठेवतात. पेशी मेली की रंग सुटतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवून दिलं. गोंदण टिकतं का आणि निघताना इतकं चिवट का होतं, याचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

आता दुरुस्तीचे मार्ग. सगळ्यात सोपा आणि परत फिरवता येणारा मार्ग म्हणजे वरून झाकणं. चित्रकलेच्या तासाला शिकलेलं रंगचक्र आठवा. निळ्यासमोर केशरी, तांबड्यासमोर हिरवा. निळसर भुवईवर आधी पीच किंवा केशरी करेक्टर अगदी पातळ थापायचा, मग आपल्या रंगाचा कन्सीलर, मग तपकिरी पेन्सिल. विटकरी भुवईवर हिरवट करेक्टर. संध्याकाळी धुतलं की गेलं. ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांनी तीन-चार महिने थ्रेडिंगच थांबवावं. जुनी बारीक कमान पुष्कळदा वाढलेल्या केसांतच लपते. माझ्या धंद्याला हे परवडत नाही, पण खरं ते सांगायला हवं.

दुसरा मार्ग म्हणजे त्यावर पुन्हा गोंदून रंग सुधारणं. निळ्यावर केशरी छटा, तांबड्यावर हिरवट छटा. जुना रंग फिका असेल, आकार बरोबर असेल, तर चांगल्या हाताखाली हे साधतं. पण गोंदणानं गडद रंग फिका करता येत नाही, पसरलेली कड आत घेता येत नाही. कातडीत आधीच भरपूर रंग असेल तर वर घातलेला काही महिन्यांत मळकट होतो. आणि ‘कातडीच्या रंगाचं’ गोंदण तर करूच नये. त्यात पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड असतो. आपली कातडी उन्हाळ्यात काळवंडते, थंडीत उजळते; गोंदलेला ठिपका आहे तसाच राहतो आणि डाग होऊन दिसतो. पुढे लेसर करायची वेळ आली तर हाच पांढरा रंग सगळ्यात जास्त त्रास देतो.

तिसरा मार्ग लेसरचा, आणि तो त्वचारोगतज्ज्ञांकडेच. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी यामागचं तत्त्व मांडलं. योग्य लांबीची प्रकाशलहर अगदी क्षणभर सोडली तर ती आजूबाजूला न भाजता नेमक्या रंगालाच तापवते. आज गोंदणासाठी नेहमी वापरतात तो क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर. त्याची एकेक ठिणगी सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरती असते. काळ्या-निळ्या रंगावर 1064 नॅनोमीटरची लहर चालते आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला ती त्यातल्या त्यात सुरक्षित. तांबड्यासाठी 532 ची लहर लागते, पण ती आपल्या कातडीचा स्वतःचा रंगही शोषतो. त्यामुळे काळे किंवा पांढरे डाग पडण्याचा धोका वाढतो. फुटलेला रंग शरीर हळूहळू वाहून नेतं, म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त अंतर ठेवतात. सहा बैठका लागल्या आणि मध्ये आठ-आठ आठवडे गेले, तर 40 आठवडे झाले. महिनाभरात साफ करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारावा.

भुवयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. लेसरची ठिणगी पडताच तांबूस, तपकिरी किंवा पांढरा रंग काही क्षणांत काळा पडू शकतो. तांबडा लोह-ऑक्साइड म्हणजे गंजच. उष्णतेनं त्यातला प्राणवायू कमी झाला की तो काळा होतो. टायटॅनियमचंही तसंच, तो निळसर-करडा होतो. डॉक्टरांनी 1993 सालीच हे लिहून ठेवलं आहे. म्हणून आधी कडेच्या एका ठिपक्यावर चाचणी करून काही आठवडे थांबायचं. काळा झालेला रंग पुढच्या बैठकांत बहुधा निघतो, पण माहीत नसलेली बाई तिथेच घाबरून रडायला लागते.

बाईंचं तसंच झालं असतं, पण त्यांच्या डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. पौषात चाचणीचा ठिपका दिला, तो तांबूस कडेचा काळा झाला. फाल्गुनात पहिली बैठक झाली. मग डॉक्टरांनीच लग्न होईपर्यंत थांबायला सांगितलं, कारण ऐन लग्नात कातडी काळवंडलेली नको. म्हणजे वैशाखात भुवया तशाच, थोड्या फिक्या, थोड्या काळ्या. लग्नाच्या आठवडाभर आधी बाईंचं पुन्हा “फोटोत येत नाही” सुरू झालं.

त्यांच्या सासूबाई गोकाककडच्या, घरात कन्नडच बोलतात. त्यांच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर हच्चे आहे. त्यांनी सुनेपुढे हात केला आणि म्हणाल्या, “नंदू हसिर आगिल्लेन यव्वा?” माझंही हिरवं नाही का झालं, बाई? “या हातांनीच तुला ओवाळून घरात घेतलं. तेव्हा कोण हसलं?” बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा हसत होत्या. लग्नादिवशी पहाटे मी पीच करेक्टर लावून दिला, वर पेन्सिल फिरवली. जाड चष्मा त्यांनी स्वतःच काढून पर्समध्ये टाकला. विहिणीशेजारी उभ्या राहिल्या, व्याह्यांच्या सगळ्या पाहुण्यांबरोबर फोटो झाले. उरलेल्या चार बैठका त्यानंतर झाल्या. एकूण सव्वा वर्ष गेलं. आता अगदी हलकी राखाडी सावली उरली आहे. त्यावर पेन्सिल पुरते आणि पुन्हा गोंदायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. पूर्वी कुठल्या साली, किती वेळा, कोणकोणता रंग भरला ते डॉक्टरांना सांगा, जुने फोटो न्या. जखमेवर गाठीसारखे व्रण येत असतील, पूर्वी ओठावर किंवा चेहऱ्यावर नागीण उठली असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, दिवस गेले असतील, तर ते आधीच सांगा. कोड असेल तर जास्तच जपायला हवं. नव्या जखमेवर नवा डाग उठू शकतो. गोंदलेल्या जागी खाज, सूज किंवा गाठी असतील तर आधी त्याचं निदान, लेसर नंतर. लेसरच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक झाकण असलंच पाहिजे. भुवईचे केस काही काळ पांढरे होऊ शकतात किंवा गळतात, ते बहुतेक परत येतात. खपली काढू नका आणि उन्हात उघड्या तोंडानं हिंडू नका. शिवाय कधी एमआरआय काढायची वेळ आली तर भुवया गोंदलेल्या आहेत हे तिथल्या माणसाला सांगा. रंगातल्या लोहामुळे क्वचित गरम लागतं किंवा सूज येते. पण त्या भीतीनं तपासणी मात्र टाळू नका.

घरगुती उपायांच्या वाटेला जाऊ नका. चुना-सोडा, लिंबू, टूथपेस्ट, बिब्बा, यातल्या कशानंही आतला रंग नेमका निघत नाही. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते आणि डोळा तिथून बोटभर अंतरावर असतो. रंग निळा असला तर झाकता येतो, भाजल्याचा व्रण झाकणं कठीण.

आणि घरातल्यांना एक विनंती. कुणाच्या भुवया निळ्या दिसल्या तर लगेच बोट दाखवू नका. तिनं त्या आरशात तुमच्या आधी पाहिलेल्या असतात. हुब्बु म्हणा की भुवई, ती तिच्या चेहऱ्यावर आहे. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर एक फेरी मारलीत तर ते जास्त उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात टाचांच्या भेगांविषयी बोलू.