फासे कोणाच्या बाजूचे?

संगणकावरच्या खेळांविषयी गंभीरपणे लिहिताना आधी वाचकांची क्षमा मागण्याची एक रीत आहे. ती आम्ही पाळणार नाही. ज्या खेळाचा एक डाव पुरा व्हायला दहा-बारा तास सहज लागतात, ज्यात नगरे, शेती, खजिना, विद्या, शेजाऱ्यांशी तह आणि लढाया हे सारे एकट्याने सांभाळायचे असते, आणि तरीही जो खेळ लोक तीस वर्षांहून अधिक काळ रात्री जागून खेळत आले आहेत, त्याच्या रचनेत विचार करण्याजोगे काही असलेच पाहिजे. हा खेळ म्हणजे अर्थातच 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो १९९१ साली मायक्रोप्रोझ या कंपनीत घडवला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याची सातवी आवृत्ती आली.

अशा खेळांबद्दल दोन ठरीव मते नेहमी ऐकू येतात. एक असे की गुंतागुंत जितकी अधिक तितका खेळ सखोल. दुसरे असे की गुंतागुंत कापल्याखेरीज सामान्य माणसाला त्याची गोडी लागणार नाही. आम्हांस दोन्ही अपुरी वाटतात. बुद्धिबळाचे नियम दोन-चार पानांत मावतात आणि त्याचा तळ अजून कोणाला लागलेला नाही. उलट २००३ सालच्या 'मास्टर ऑफ ओरायन ३' मध्ये तक्त्यांमागून तक्ते होते; इतके की ग्रहांचा कारभार संगणकाच्या सुभेदारांवर सोपवावा लागे आणि खेळाडू राज्य करण्याऐवजी राज्य चाललेले बघत बसे. खेळ म्हणजे मनोरंजक निर्णयांची मालिका, ही मायर यांची व्याख्या प्रसिद्ध आहे. ती मनावर घेतली तर गुंतागुंत किती, हा प्रश्न मागे पडतो. खेळाडूपुढे आलेली बाब हा निर्णय आहे की नुसतेच काम, एवढेच पाहावे लागते. काम कमी करावे याबद्दल कोणाचे दुमत नसावे. पण खेळाडूचा आनंद राखता राखता रचनाकार कधी त्याची खुशामत करू लागतो, हे इतके सहज कळत नाही. आणि आमचा आक्षेप आहे तो या खुशामतीला.

काम कमी कसे करावे, याचा वस्तुपाठ पाहायचा तर या मालिकेची तिसरी आवृत्ती (२००१) आणि चौथी आवृत्ती (२००५) शेजारी ठेवाव्यात. दोन्हींच्या घडणीत सोरेन जॉन्सन होते, चौथीचे तर ते मुख्य रचनाकार. समजा, एखाद्या नगरात ३० एककांची इमारत बांधायची आहे, २८ जमली आहेत आणि नगर दर खेळीला १० निर्माण करते. तिसऱ्या आवृत्तीत वरची ८ वाया जात. म्हणून चाणाक्ष खेळाडू नगरात शिरून एक मजूर खाणीवरून उचलून शेतावर बसवी, की बेरीज जुळावी आणि थोडे धान्य तरी पदरात पडावे. एका नगरात ही गंमत असते; वीस नगरांत, दर खेळीला, ती हिशेबनिसाची चाकरी होते. ती कोणालाच आवडत नव्हती, पण फायद्याची होती, म्हणून लोक करत. संधी मिळाली तर खेळाडू हिशेब करकरून खेळातला आनंदच पिळून काढतात, अशा आशयाचे जॉन्सन यांनी पुढे लिहिले आहे ते अशाच अनुभवांतून आले असावे. चौथ्या आवृत्तीने वरची ८ एकके पुढच्या कामाला जोडून दिली. बस्स, एवढेच. वीस नगरांची चाकरी त्या एका बेरजेने संपली.

नगरांतल्या दंग्यांचेही तसेच झाले. आधीच्या आवृत्त्यांत नाखूश नागरिक खूश नागरिकांपेक्षा अधिक झाले की सारे नगर ठप्प होई, आणि हे आधी हेरण्यासाठी प्रत्येक नगराची नाडी सतत पाहावी लागे. चौथीत वरचे नाखूश नागरिक फक्त काम करीनासे होतात. नगर लंगडत का होईना चालते. कारखान्यांमुळे आसपासच्या घरांवर पडणारी घाण मजुरांकरवी पुसत बसण्याचा उद्योगही गेला आणि त्याच्या जागी नगराच्या आरोग्याचा एक आकडा आला.

परंतु या आवृत्तीतला आमच्या मते सर्वांत मोलाचा बदल सोयीचा नव्हताच. दिसेल तिथे नगर वसवत सुटणाऱ्या खेळाडूला आवर कसा घालायचा, हा या मालिकेचा जुना प्रश्न. तिसऱ्या आवृत्तीचे उत्तर होते भ्रष्टाचार: राजधानीपासून दूरच्या नगरांचे उत्पन्न वाटेतच गळून जाई, आणि फार दूरच्या नगरात काहीही केले तरी हाती एखादे एकक उरे. वास्तवाशी हे किती जुळते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पण खेळाडूच्या मनात त्यामुळे विचार जागा होत नसे, चीड येई. आपण कमावलेले कोणी अदृश्य हात काढून नेतो आहे आणि आपण त्यावर फारसे काही करू शकत नाही, ही भावना शासन करण्याची नव्हे, शासित असण्याची आहे. चौथ्या आवृत्तीत नवे नगर वसवताच त्याचा देखभालखर्च खजिन्यावर पडू लागतो. नगरांची संख्या वाढेल आणि अंतर वाढेल तसा तो वाढतो. पुढे नगर मोठे झाले की ते स्वतःचा खर्च भागवते, पण तोवर दम धरावा लागतो. हावरेपणाने वसवत गेलात तर विद्येवरचा खर्च कापावा लागतो, आणि खजिना रिताच झाला तर सैन्य मोडू लागते. पाहा, शिक्षा पूर्वीपेक्षा सौम्य झाली असे नव्हे. काही वेळा ती अधिक कडक आहे. मात्र आता ती आपल्याच निर्णयाची किंमत आहे, आणि ती किंमत नगर वसवतानाच पदरी पडू लागते. त्याच क्षणी 'वसवू की नको' हा खराखुरा प्रश्न बनला. येथे खेळाडूची कोणतीही मर्जी राखलेली नाही, आणि तरी खेळ अधिक आनंदाचा झाला. आमच्या म्हणण्याचा सारा भर या एका उदाहरणावर आहे.

आता दुसरी बाजू, म्हणजे फासे.

१९९१ च्या खेळात भाल्यांची पुरातन तुकडी कधीकधी आधुनिक युद्धनौकेला बुडवी. लढाईचा निकाल एका झटक्यात लागे, म्हणून अशा अचाट गोष्टी घडत, आणि त्या आजवर विनोदाचा विषय आहेत. ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीने प्रत्येक तुकडीला जीवनशक्तीचे गुण दिले आणि लढाई अनेक फेऱ्यांची केली. फेऱ्या वाढल्या की नशीब सरासरीकडे झुकते आणि बलवान बहुधा जिंकतो. हा सच्चा उपाय होता, कारण त्याने जगाचा नियम सुधारला, आणि तो नियम दोन्ही बाजूंना सारखा लागू झाला.

२०१० साली सॅन फ्रान्सिस्कोत खेळ-रचनाकारांच्या परिषदेत मायर यांनी वेगळी कहाणी सांगितली. 'सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन' (२००८) या सुटसुटीत आवृत्तीत लढाईपूर्वी दोन्ही बाजूंचे बळ दाखवले जाई. तीनास एक असे बळ असताना खेळाडू हरला की तो संतापे, जरी चारांतून एकदा हरणे हे गणिताला धरूनच असले तरी. उलट एकास तीन असताना जिंकला तर त्याला त्यात काहीच वावगे वाटत नसे. दोनास एक असताना हरणे तो एक वेळ सोसे. पण लागोपाठ दोनदा हरला की तक्रार. मग रचनाकारांनी मागच्या पराभवांची दखल घेऊन फासे खेळाडूकडे कलते केले. श्रोते हसले असतील. किस्सा गंमतीचा आहेच. आणि हे एकट्या मायर यांनी केले असेही नाही. जपानच्या 'फायर एम्ब्लेम' मालिकेत २००२ पासून एकाऐवजी दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेण्याची युक्ती आली. तिच्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसते तेव्हा प्रत्यक्षात नेम सुमारे ९८ वेळा लागतो, आणि १० दिसते तेव्हा जेमतेम २ वेळा. 'एक्सकॉम: एनिमी अननोन' (२०१२) सोप्या पातळ्यांवर खेळाडूला न सांगता झुकते माप देतो. द्यूतसभेत शकुनी आपल्या बाजूने बसला असता तर धर्मराजाने तक्रार केली असती काय, हा प्रश्न आमच्या मनात कधीकधी येतो.

या रचनाकारांचे समर्थन आम्हांस ठाऊक आहे. माणसाला संभाव्यता कळत नाही, ९० टक्के म्हणजे तो 'नक्की' समजतो. खेळ करमणुकीसाठी आहे, गणिताची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. कथेत लेखक योगायोगाची मदत घेतो, मग खेळाने का घेऊ नये? याला आमचे उत्तर असे की कथेचा वाचक निर्णय घेत नसतो. डावपेचाच्या खेळात पडद्यावरचा आकडा हे खेळाडूचे एकमेव डोळे आहेत. तो पाहूनच सैन्य पुढे टाकायचे की मागे घ्यायचे हे तो ठरवतो. आकडाच खोटा असेल तर मायर यांच्या व्याख्येतला 'निर्णय' कुठे उरला? चारांतून एकदा हरू, म्हणून मागे राखीव तुकडी ठेवू, एवढा साधा शहाणपणासुद्धा मग व्यर्थ ठरतो. आणि राखीव तुकडी ठेवणारा तोंडी लावायलाही मूर्खच दिसतो. माणसाला संभाव्यता कळत नसेल तर ती कळण्याची याहून स्वस्त आणि निरुपद्रवी जागा दुसरी कोणती असणार?

शिवाय खेळाडूला पराभवाचा नव्हे, अकारण पराभवाचा राग येतो असे आम्हांस दिसते. कारण सापडले नाही तर तो ते रचतोसुद्धा. पहिल्या आवृत्तीतले गांधीजी संगणकाच्या वजाबाकीतल्या चुकीमुळे अण्वस्त्रांचे वेडे झाले, ही दंतकथा कित्येक वर्षे छातीठोकपणे सांगितली गेली; मायर यांनी २०२० च्या आत्मकथनात तशी चूक कधी नव्हतीच असे लिहिले. असो.

खुशामतीचा याहून खोल परिणाम आहे तो इतिहासाच्या चित्रावर. राज्ये चढतात तशी पडतातही, हे दाखवण्याचा विचार मायर यांच्या मनात सुरुवातीला होता. पण पडझड सुरू झाली की खेळाडू आधी साठवून ठेवलेला डाव उघडी आणि संकट घडलेच नाही असे करून टाकी. तेव्हा पडझड वगळली गेली. सहा हजार वर्षांचा इतिहास सांगणारा खेळ अशा रीतीने एकाच दिशेने चढत जाणारा जिना झाला. ही तडजोड आम्हांस कायमची वाटे. २०१८ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'राइज अँड फॉल' या सहाव्या आवृत्तीच्या पुरवणीने आमचा ग्रह थोडा हलवला. तिच्यात एखाद्या काळात पुरेशी कामगिरी झाली नाही तर पुढचा काळ अंधाराचा येतो, प्रजेची निष्ठा ढळते, सीमेवरची नगरे फुटूही शकतात. पण अंधारयुगातच काही खास धोरणे खुली होतात, जी एका हाताने भरपूर देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात. आणि त्या काळातून थेट सुवर्णयुग गाठणाऱ्याला नुसत्या सुवर्णयुगाहून मोठे वीरयुग लाभते. त्यामुळे काही कसलेले खेळाडू मुद्दाम अंधारात उतरतात. हे थोडे बेरकीपणाचे आहे, कबूल. पण पडझड पुसून टाकण्याऐवजी तिच्यात करण्याजोगे काहीतरी ठेवणे, ही दिशा आम्हांस योग्य वाटते. सातव्या आवृत्तीने पुढचे पाऊल टाकले: युग संपता संपता संकटे कोसळतात आणि नव्या युगात खेळाडूला संस्कृतीच बदलून घ्यावी लागते. अनेक जुन्या खेळाडूंना ते रुचले नाही, आणि आमची सहानुभूती त्यांच्याकडे आहे. अंधारयुग आपण ओढवून घेतलेले असते. युगान्त मात्र पंचांगातल्या ग्रहणासारखा सर्वांवर येतो, मग राज्य कसेही केलेले असो. तिसऱ्या आवृत्तीतला तो अदृश्य हातच जणू नव्या वेषात परतला आहे.

फासे कलते न करताही खेळाडूचे समाधान करता येते, याचा दाखला 'इन्टू द ब्रीच' (२०१८) या छोट्या खेळात आहे. बुद्धिबळासारखाच आठ बाय आठचा पट, आणि शत्रू पुढच्या खेळीत कोठे घाव घालणार हे आधीच उघड दाखवलेले. तेथे हरलो की बोट फक्त स्वतःकडे दाखवता येते. 'सिव्हिलायझेशन'सारख्या अफाट खेळात इतका उघडपणा शक्य नाही हे खरे, पण खरा आकडा दाखवणे आणि त्याला चिकटून राहणे नक्कीच शक्य आहे. चौथ्या आवृत्तीने ते केलेही होते.

त्या आवृत्तीत आम्ही एकदा तलवारबाजांची तुकडी एका टेकडीवरच्या नगरावर घातली. जिंकण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक दिसत होती, आणि आम्ही हरलो. तत्त्वज्ञान बाजूला ठेवून साठवलेला डाव उघडला, तोच हल्ला पुन्हा केला, आणि पुन्हा हरलो. तिसऱ्यांदाही तेच. मग ध्यानात आले की हा खेळ डावाबरोबर फासेही साठवून ठेवतो. पुन्हा उघडल्यावर ते नव्याने टाकायचे तर तशी निवड डाव मांडतानाच करावी लागते, आणि ती आम्ही केलेली नव्हती. चौथ्या वेळी सैन्य मागे घेतले आणि गोफणयंत्रे येईपर्यंत नगराबाहेरची शेते जाळत बसलो.