शिफ्ट संगणकाने लावली, तरी ७८ दिवस आपणच मोजा

चेन्नईजवळच्या ओरगडम-श्रीपेरंबुदूर पट्ट्यात रेनॉ, डेमलर, रॉयल एनफिल्ड यांचे कारखाने आहेत. अशा मोठ्या कारखान्यांत शिफ्टचे वेळापत्रक (सरकारी मराठीत ‘पाळीपत्रक’, पण कामावर हा शब्द कोण वापरतो?) संगणकावर आखता येते. ते कसे आखले जाते यावर ईएसआयचा आपला लाभ अवलंबून राहू शकतो.

समजा, १० कामगार आहेत. प्रत्येकाला पहिली, दुसरी, तिसरी शिफ्ट किंवा सुट्टी द्यायची आहे. एका दिवसाच्याच १०,४८,५७६ मांडण्या होतात. आठवड्याचा आकडा ४३ अंकी होतो. इतक्या मांडण्या तपासणे संगणकालाही जमत नाही. म्हणून तो एका कामचलाऊ मांडणीपासून सुरुवात करतो, दोघांच्या शिफ्टची अदलाबदल करतो आणि तोटा कमी झाला तर ती ठेवतो. अडकला, तर थोडी वाईट मांडणीही तात्पुरती स्वीकारतो. कोणत्या प्रकारची अदलाबदल उपयोगी पडते हे लक्षात ठेवून तीच जास्त वेळा करतो. उत्तर सर्वोत्तम असेलच असे नाही, पण लवकर मिळते.

‘तोटा’ कशाला म्हणायचे हे मात्र माणूस ठरवतो. कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी हे कायद्याचे नियम असल्याने ते संगणकाला सांगावेच लागतात. ७८ दिवसांचा नियम मालकावर बंधनकारक नाही. त्यामुळे तो सांगितला जाईलच असे नाही.

हा नियम असा: एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तरच आजारपणाचा लाभ मिळतो. हा लाभ वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. एप्रिल-सप्टेंबरमध्ये दिवस कमी पडले, तर त्याचा फटका पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये बसतो. म्हणून ही गोष्ट वेळेवर लक्षात येत नाही. नव्याने कामाला लागलेल्यांचा हिशेब वेगळा असतो.

साप्ताहिक सुट्टीचा पगार नसेल, तर आठवड्याला ६ दिवस काम करून सहामाहीत सुमारे १५६ दिवस भरतात. १२ तासांची शिफ्ट आणि ४ दिवसांचा आठवडा असेल, तर १०४. आठवड्याचे तास दोन्हीकडे ४८च, पण गावी जाण्यासाठी किंवा काम नसलेल्या दिवसांसाठी हाताशी ७८ऐवजी २६ दिवसच उरतात. तमिळनाडू विधानसभेने एप्रिल २०२३ मध्ये १२ तासांच्या शिफ्टची वाट मोकळी करणारे विधेयक मंजूर केले होते. विरोधानंतर ते १ मे रोजी मागे घेतल्याचे जाहीर झाले. तेव्हाची चर्चा मुख्यतः थकव्याची होती. दिवसांचा हा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे, असे आम्हाला वाटते.

दर महिन्याच्या पगारपत्रकातील दिवस आपल्या विमा क्रमांकाने ईएसआयसीच्या पोर्टलवर पडताळा. पगारी सुट्टीचे दिवस धरले जातात, बिनपगारी नाहीत. ऑगस्टमध्ये किंवा फेब्रुवारीतच बेरीज करा. कमी पडत असतील तर सुपरवायझर किंवा ठेकेदाराकडे जादा दिवस मागायला तेव्हा वेळ असतो. प्रसूती लाभासाठी अट ७० दिवसांची आहे आणि त्यासाठी मागच्या दोन सहामाह्या मिळून दिवस मोजले जातात. शंका असल्यास ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६.