उशाशी बसलेल्या माणसाचा हिशेब

एप्रिल उजाडला की देवगड-जामसंडे परिसरात आंब्याखेरीज दुसरा विषय निघत नाही. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका एप्रिलमध्ये प्रस्तुत लेखकाचे बहात्तर वर्षांचे वडील शिडीवरून जांभ्या कातळावर पडले. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. उठून बसले, चहा मागून घेतला. दोन-तीन तासांनी मात्र त्यांचे बोलणे अडखळू लागले आणि दिवस मावळण्यापूर्वी शुद्ध हरपली. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठेपर्यंत मध्यरात्र झाली, आणि त्यानंतरचे बावन्न दिवस आमच्या घराचा मुक्काम त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात पडला.

हे सांगण्याचा हेतू वैयक्तिक दुःखाची कहाणी ऐकविण्याचा नाही. त्या व्हरांड्यात आमच्यासारखी अनेक कुटुंबे होती. त्यांच्याकडे पाहताना अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक प्रश्न सारखा छळत राहिला : रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या श्रमाची नोंद कोठे होते?

आपल्या भागापुरते बोलायचे तर अडचण अंतरापासूनच सुरू होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. डोक्याच्या गंभीर दुखापतीसाठी येथील माणसाला पुष्कळदा गोव्यात बांबोळीला, नाही तर घाट चढून कोल्हापूरला धाव घ्यावी लागते. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले, तेव्हा जिल्ह्यात उमटलेल्या संतप्त प्रतिक्रियेने हे परावलंबन किती खोल आहे ते दिसून आले. रुग्ण इतक्या दूर गेला म्हणजे त्याच्यासोबत घरही उठून जाते.

उपचारांच्या खर्चासाठी शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते-अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोख उपचारांची योजना अधिसूचित केली; अर्थात कलमावरून पडलेला बागायतदार तीत बसत नाही. तथापि या साऱ्या योजनांचा विचार रुग्णाच्या खाटेपाशी थांबतो. सोबतच्या माणसाचे जेवणखाण, निवारा आणि बुडालेली मजुरी यांना त्यात स्थान नाही. आमच्या बागेतील त्या मोसमाचा आंबा एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन टाकावा लागला. मुंबईतील चाकरमानी भावाची बिनपगारी रजा झाली. बहिणीने मुलांच्या परीक्षा सोडून रात्री जागविल्या. यांपैकी एकही रक्कम रुग्णालयाच्या बिलात नव्हती.

अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० साली या विसंगतीवर बोट ठेवले होते. एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटलेले दिसते, असे ते म्हणाले. पगारी परिचारकाने रुग्णाची कूस बदलली तर ती सेवा उत्पन्नात मोजली जाते; सुनेने बदलली तर ती माया ठरते. मायेचे मोल करू नये हे खरे. परंतु जिचे मोल केले नाही ती फुकट आहे, असे धोरणाने गृहीत धरावे काय?

मेंदूच्या दुखापतीत ही सेवा निव्वळ सोबतीची नसते. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट या शल्यवैद्यांनी शुद्धीचे मोजमाप करणारी श्रेणी सिद्ध केली. रुग्ण डोळे उघडतो काय, बोलतो काय, हातपाय हलवितो काय, यांवरून ३ ते १५ असे गुण दिले जातात. आमच्या वडिलांचे गुण पहिल्या रात्री सहा होते. नातेवाइकाला तो आकडा सांगतात. त्याचा अर्थ सांगायला मात्र क्वचितच कोणाला सवड असते. शुद्ध दिवा लावल्यासारखी एकदम येत नाही, ती भरतीच्या पाण्यासारखी पुढेमागे होत येते. शुद्धीवर येणारा माणूस शिव्या देतो, नळ्या ओढतो, पोटच्या मुलाला ओळखत नाही, आणि हा राग त्याचा नसून दुखापतीचा असतो, हे आम्हाला शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या पत्नीने समजावले. एका वेळी एकानेच, सावकाश बोलावे. आपले नाव व नाते दर वेळी सांगावे. चूक झाली तरी वाद घालू नये. रोजचा फरक वहीत टिपावा, हेही तिनेच शिकविले. ती तिथे तीन महिने होती.

यावर कोणी म्हणेल, आईबापांची सेवा हे मुलांचे कर्तव्यच. त्याचा हिशेब कसला? आक्षेप सात्त्विक आहे आणि कर्तव्य कोणी नाकारीतही नाही. किंबहुना २००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास सांगितला आहे. पण कर्तव्य चुकविणाऱ्याला शिक्षा देणारे शासन ते पार पाडणाऱ्याला हात कोणता देते? ज्याची नोकरी कायम आहे त्याचे कर्तव्य रजेत बसते. रोजंदारीवरील मुलाचे कर्तव्य त्याची चूल विझविते.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात नातेवाइकांना स्थिती समजावून सांगण्याची दररोज ठरलेली वेळ असावी. रुग्णांच्या नातेवाइकांची परवड ओळखून गाडगे महाराजांनी मुंबईत धर्मशाळा उभारली. निरक्षर कीर्तनकाराला जे कळले ते जिल्हानियोजनाला कळण्यास हरकत नसावी. घरी परतल्यावर लागणारे व्यायामोपचार व वाचोपचार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळावेत. कारण सुधारणेचा सर्वांत मोलाचा काळ पहिल्या काही महिन्यांचा असतो. शिवाय बेशुद्ध माणसाचा पालक नेमण्याचा सुटसुटीत कायदा आपल्याकडे नाही. केरळ उच्च न्यायालयाला २०१९ साली ही उणीव स्वतः मार्गदर्शक तत्त्वे घालून भरून काढावी लागली. बापाचे निवृत्तिवेतन खात्यात पडून आहे आणि मुलगा औषधासाठी हातउसने घेतो आहे, ही स्थिती उच्च न्यायालयाची पायरी न चढता सुटली पाहिजे.

सत्तेचाळिसाव्या दिवशी वडिलांनी माझ्याकडे पाहून विचारले, "आंबे उतरवलंस मां?" बाहेर मृगाचा पाऊस पडत होता आणि मोसम केव्हाच सरला होता. मी "होय" म्हणालो. आज ते काठी टेकीत बागेपर्यंत जातात, काही नावे विसरतात, लवकर चिडतात. आम्ही सुदैवी ठरलो, कारण आमच्याकडे पगार, भाऊ आणि बहीण होती. माणसाचे वाचणे घरातल्या माणसांच्या संख्येवर आणि रजेवर अवलंबून असेल, तर त्या व्यवस्थेला आरोग्यव्यवस्था म्हणताना थोडा संकोच वाटायला हवा.