पंचकोश फलकावर नकोत, पाठात हवेत

२०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. पाठोपाठ २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोश संकल्पनेला स्थान मिळाले. मेकॉलेच्या छायेत वाढलेल्या शिक्षणव्यवस्थेत ही घटना लहान नव्हे. परंतु केवळ समाधान मानून चालणार नाही. या संकल्पनेमुळे वर्गात उभी राहणारी शिक्षिका उद्या आपला पाठ वेगळा घेणार आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

सिद्धांत वर्गापर्यंत कसा न्यावा, याचा धडा पुण्यातच आहे. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी पाच प्रक्रिया, चार आशय आणि सहा फलिते यांच्या गुणाकारातून बुद्धीच्या १२० क्षमता मांडल्या होत्या. प्रबोधिनीने ते प्रतिमान नुसते वाखाणले नाही. त्याच्या आधारे चाचण्या आणि बुद्धिविकसनाचे कार्यक्रम घडविले. परक्या सिद्धांतासाठी हे परिश्रम झाले, मग स्वकीय दर्शनांसाठी का होऊ नयेत?

न्यायदर्शनाची प्रत्यक्षमीमांसाच घ्या. आत्मा मनाशी, मन इंद्रियाशी आणि इंद्रिय वस्तूशी जोडले गेले, म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान होते. मन अणुरूप असल्याने ते एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. शिवाय वस्तूचे ज्ञान आधी निर्विकल्पक असते. नाम, जाती, गुण यांसह होणारे सविकल्पक ज्ञान नंतरचे.

यातून अध्यापनाची दोन सूत्रे निघतात. फळ्यावर लिहिताना वेगळेच काही बोलू नये, कारण मुलाचे मन डोळ्यांत आणि कानांत एकाच वेळी राहू शकत नाही. आणि चाफ्याचे फूल आधी हाती द्यावे, हुंगू द्यावे. ‘चाफा’ हा शब्द मागाहून यावा. आपल्याकडे बहुधा उलटेच घडते. शब्द पाठ होतो, वस्तू भेटतच नाही.

कोणी म्हणेल, माँटेसरी यांच्या इंद्रियशिक्षणात हे आलेच आहे. अवश्य आले आहे. दोन दूरच्या परंपरा एकाच निष्कर्षाशी येत असतील, तर तो निष्कर्ष अधिक विश्वसनीय ठरतो.

म्हणून सूचना अशी. डी.एल.एड.च्या सराव पाठांच्या टाचणात दोन प्रश्न अनिवार्य असावेत : या क्षणी मुलाचे मन कोणत्या इंद्रियाशी आहे, आणि वस्तूला नाव केव्हा दिले जाणार? एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांना एकच पाठ दोन रीतींनी शिकवावा आणि महिन्याने मुलांना काय उरले ते तपासावे. निष्कर्ष प्रतिकूल आला, तर तोही स्वीकारावा. वादात पूर्वपक्षाला पूर्ण न्याय देणारी आपली परंपरा परीक्षेला भीत नाही.

राष्ट्रीय विचाराच्या शिक्षणसंस्थांनी या प्रयोगात पुढाकार घेतला पाहिजे. धोरणाने दार उघडले आहे. आत जाऊन काम केले नाही, तर पंचकोश शाळेच्या भिंतीवरील आणखी एक सुवचन बनून राहतील, आणि तो दोष मेकॉलेचा नसेल.