येत्या सोमवारपासून नक्की!

दिवाळीचा फराळ संपला, डबे घासूनपुसून माळ्यावर गेले, की तुमच्या पत्रांचा सूर बदलतो. चकलीचं मोहन आणि अनारशाची जाळी मागे पडते आणि ‘वजन फार वाढलंय हो, घरच्या घरी करता येईल असा काही व्यायाम सांगा’ ही मागणी सुरू होते. त्यातल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास असतं: ‘मागेही सुरू केला होता, पण टिकला नाही.’ म्हणून या खेपेस व्यायाम कोणता यापेक्षा तो टिकत का नाही, याबद्दलच जरा जास्त बोलू या.

आपला बेत कसा ठरतो पाहा. रविवारी रात्री जेवणं आटोपल्यावर ठरतं, की उद्यापासून पहाटे पाचला उठायचं, तासभर व्यायाम करायचा, साखर बंद, भात बंद, दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचे. सोमवारी सगळं यथासांग पार पडतं. मंगळवारी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. बुधवारी नळाला पाणी लवकर येतं, गुरुवारी उपास, शुक्रवारी धाकट्याला ताप. शनिवारी मन म्हणतं, आता राहिलंच आहे तर राहू दे, येत्या सोमवारपासून नक्की! आणि असे सोमवार वर्षाला बावन्न येतात.

यात बाईचा आळस कुठे आहे, सांगा बरं? दिवसभर जी पायांवर उभी असते तिला आळशी कोण म्हणेल? चुकतो तो बेत. ज्या बाईने पाच वर्षांत व्यायाम केलेला नाही, तिने पहिल्याच दिवशी तासभर करणं म्हणजे नव्या सुनेवर पहिल्याच दिवशी शंभर पानांचा स्वयंपाक सोपवण्यासारखं झालं.

शिवाय ‘दहा किलो’ हे ध्येयच मुळात फसवं. वजन आपल्या मुठीत नसतं. आज कमी, उद्या किलोभर जास्त, पाळीच्या आधी अंगात पाणी धरल्यामुळे आणखी जास्त, असा त्याचा खेळ चालतो. त्यातून नुसत्या व्यायामाने वजन फार सावकाश उतरतं. साठ किलो वजनाच्या बाईने अर्धा तास झपझप चाललं तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. वरून तुपाची धार सोडलेली एक पुरणपोळी त्याहून जास्त परत देते. वजन उतरवायचं तर ताटाकडेही बघावं लागतं, तो विषय निराळा. पण काट्यावर डोळा ठेवून व्यायाम करणारी बाई तिसऱ्या आठवड्यात हिरमुसते आणि सोडून देते. तोवर तिचा दम वाढलेला असतो, झोप लागू लागलेली असते. ते तिच्या लक्षातच येत नाही, कारण ते काट्यावर दिसत नाही.

तेव्हा ध्येय धरा ते अंगाच्या कामाचं. तीन जिने न थांबता चढता यावेत. ओट्याखालचा पिठाचा डबा कमरेत चमक न भरता उचलता यावा. पंगतीत मांडी घालून बसल्यावर शेजारणीचा हात न मागता उठता यावं. हे शेवटचं तर चाळिशीतच मनावर घ्यावं असं आहे. साठीनंतर पुष्कळ बायकांचं फिरणं, देवळात जाणं, लेकीकडे राहायला जाणं का थांबतं? खालून उठता येत नाही आणि पायऱ्यांची धास्ती वाटते म्हणून.

सुरुवातीला दोन मापं लिहून ठेवा. शिवणाची टेप घ्या, बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही इशाऱ्याची रेघ मानतात. त्यापुढे मधुमेह, रक्तदाब यांचा धोका वाढतो. दुसरं माप खुर्चीचं. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हाताची घडी छातीशी घ्या आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. मिनिट बघायला मुलीला सांगा, त्यांना असली कामं आवडतात. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा ते सतरा वेळा जमणं सर्वसाधारण समजतात. तुम्ही चाळिशीच्या आणि दहालाच थकलात, तर घाबरू नका, पण आकडा तारखेसकट लिहून ठेवा.

आता घरातली एक ठरलेली हरकत. “दिवसभर घरकाम करतेस, आणखी व्यायाम कशाला?” असं सासूबाई म्हणतात आणि कधी आपणही म्हणतो. घरकामाचे कष्ट थोडे नाहीतच. 2019 साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष 97 मिनिटं, असं तीत आढळलं. पाच तास नि दीड तास! पण दमणं वेगळं आणि व्यायाम होणं वेगळं. ओट्याशी दोन तास उभं राहून पाय दुखतात, छातीचा भाता मात्र चालत नाही. पोळ्या लाटून खांदे अवघडतात, मजबूत होत नाहीत. जातं होतं, उखळ-मुसळ होतं, विहिरीचा रहाट होता, तेव्हा गोष्ट वेगळी होती. (ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. मिक्सर सुखाने नांदो.) आणि तेव्हाच्या बायकासुद्धा मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा घालून रात्र जागवीत होत्याच की. भरभर फरशी पुसणं, पाण्याच्या बादल्या नेणं, जिने चढणं हे हिशेबात धरायला हरकत नाही. उरलेलं मात्र वेगळं काढून करावं लागतं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे व्यायाम करावेत. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागायला हवा. आणखी एक दिलाशाची गोष्ट म्हणजे सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत, ही जुनी अट आता उरलेली नाही. तुकड्या-तुकड्याने केलेलंही धरलं जातं. दहा हजार पावलांचा धाकही बाळगू नका. तो आकडा 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यांच्या पोथीतून नव्हे.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटांनी करा. साहित्य घरातलंच. खुर्चीवरून उठबस, म्हणजे सोप्या बैठका. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून, तळवे भिंतीला टेकून जोर. ओट्याला धरून टाचा उचलणं. उताणं झोपून, गुडघे मोडून, कंबर वर उचलणं. आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन त्या कोपरातून वर-खाली करणं, एकेक बाटली म्हणजे एक किलो. प्रत्येक प्रकार आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ. बारा वेळा सहज जमू लागलं की बैठकीला बुटकं स्टूल घ्या, जोराला भिंतीऐवजी ओट्याची कड घ्या. असं हळूहळू वाढवलं नाही तर सहा महिन्यांनीही अंग होतं तिथेच राहतं. मधल्या दिवशी वीस मिनिटं झपझप चाला, गच्चीत चाललात तरी चालेल. पाळी जाण्याच्या सुमारास हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात, म्हणून पंचेचाळिशीच्या पुढच्या मैत्रिणींनी नुसत्या चालण्यावर भागवू नये, जोराचे प्रकार सोडू नयेत.

ज्यांना शाळेत सूर्यनमस्कार घातल्याचं आठवतं, त्यांनी तेच घालावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून ते रुजवले ते काही उगीच नव्हे. तीनपासून सुरू करा आणि आठवड्याला एकेक वाढवा. कंबर किंवा मनगटं दुखत असतील तर मात्र वरचे खुर्ची-भिंतीचे प्रकारच बरे. पोट थरथरवणारे पट्टे आणि घडीच्या सायकली यांवर पैसे घालण्याची घाई नको. पुष्कळ घरांत त्या सायकलीवर टॉवेल वाळताना दिसतात. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी झडते, हाही गैरसमज आहे. ती जाते तेव्हा सगळ्या अंगाची थोडी थोडी जाते.

एका गोष्टीबद्दल बायका पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहितात. खोकलं, शिंकलं, उडी मारली की लघवीचा थेंब सुटतो आणि त्या भीतीने व्यायाम नको वाटतो. बाळंतपणानंतर हे पुष्कळजणींना होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखू नका, पोट ताणू नका. बसल्या जागी, बसच्या रांगेतही करता येतं आणि कुणाला कळत नाही. तीन महिन्यांनी फरक नसेल तर डॉक्टरीणबाईंना जरूर सांगा, यावर उपाय आहेत.

आता टिकवण्याचं. ‘वेळ मिळाला की करीन’ म्हणणाऱ्या बाईला वेळ कधीच मिळत नाही. व्यायाम रोज घडणाऱ्या एखाद्या कामाला बांधून टाका: मुलं शाळेच्या रिक्षात बसली की लगेच, किंवा संध्याकाळचा कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत. पोटभर जेवणानंतर मात्र दोन तास जाऊ द्या. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 96 माणसांवर केलेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला अठरा तर कुणाला अडीचशेच्या वर. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. म्हणजे शनिवारी चुकलं म्हणून सोमवारची वाट बघायची जरुरी नाही, रविवार आहेच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तसेच व्यायामाचे खाडे लिहा. नियम एकच: ठरलेल्या दिवसाचे दोन खाडे लागोपाठ पडू द्यायचे नाहीत. लग्नघर, मुलांच्या परीक्षा, गौरी-गणपती अशा दिवसांसाठी पाच मिनिटांचा छोटा बेत आधीच ठरवून ठेवा, दहा बैठका आणि दहा भिंतीचे जोर. तेवढंही पुरे.

आणि घरात सांगून टाका. चोरून व्यायाम करू नका. “सहा ते सव्वासहा मी आतल्या खोलीत आहे, फोन आला तर निरोप घ्या, गॅसवर दूध आहे ते बघा,” असं यजमानांना आणि मुलांना एकदा स्वच्छ सांगावं. पहिल्या आठवड्यात तीनदा हाका येतील. एकदा दूध उतूही जाईल, तर जाऊ दे. ज्याने बघायचं होतं त्याला ओटा पुसायला द्या. सासूबाई कुरकुरत असतील तर त्यांनाच शेजारी खुर्ची द्या. टाचा उचलणं आणि उठबस हे त्यांच्या वयाला आपल्याहून अधिक गरजेचं आहे, आणि त्या एकदा बसू लागल्या की तुमची वेळ मोडायची कुणाची छाती नाही.

जपायचं ते असं. छातीत दुखत असेल, थोड्या श्रमाने धाप लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल, सिझेरियन किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा, जवळ खडीसाखर ठेवावी. साडीच्या निऱ्या पायात येतात, सलवार-कमीज बरा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी घसरते, न घसरणारी चटई घ्या. अंग दुखणं दोन दिवसांत जातं. सांध्यात कळ आली किंवा सूज दिसली तर तो प्रकार थांबवा. बारा आठवड्यांनी टेप आणि खुर्ची पुन्हा काढा आणि पहिल्या आकड्याशी ताडून पाहा.

पाळीच्या दिवसांत करावा का, असं तिघी-चौघींनी विचारलं आहे. खुशाल करावा, हलक्या हालचालीने पुष्कळजणींचं पोट दुखणं कमीच होतं. फार रक्तस्राव होत असेल, गरगरत असेल, तर तेवढे दोन दिवस विश्रांती घ्या. ते खाड्यात धरू नका.