माती म्हणजे गाळणी नव्हे

जमिनीत पाणी कसे मुरते, असे विचारले की आमच्या महाविद्यालयात येणारे बहुतेक विद्यार्थी एकच आकृती काढतात : वर पाणी, खाली माती आणि ओलीची एक सरळ आडवी रेषा सावकाश खाली सरकणारी. दोष त्यांचा नाही. शाळेत आपण नरसाळ्यात चाळलेली वाळू भरतो, वरून पाणी ओततो आणि तिलाच माती म्हणतो. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली आपला प्रसिद्ध नियम मांडला, तोही वाळूच्याच स्तंभावर प्रयोग करून. नियम खरा आहे. पण शेत म्हणजे वाळूचा स्तंभ नव्हे.

मे महिन्यात काळ्या रानात जाऊन पाहा. माती सुकून आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शिवाय गांडुळांची बिळे आहेत, कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ्या आहेत. वळवाची जोरदार सर आली की पाणी या वाटांनी थेट खाली उतरते. दोन भेगांमधली माती मात्र आतून कोरडीच राहते. पुढे माती फुगते आणि भेगा मिटतात.

बारीक नळीतून वाहणारे पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा प्वासेचा नियम. समजा, शंभर बारीक नळ्या घेतल्या आणि त्या सर्वांच्या मिळून होणाऱ्या छेदाएवढे एकच बीळ घेतले. दाब व लांबी सारखी असता ते एकटे बीळ त्या शंभर नळ्यांच्या शंभरपट पाणी नेईल! मग 'सरासरी' वेग काढून हाती काय लागते?

खत किंवा फवारलेले औषध मुळांच्या थरातच राहील, हा हिशेब आपण या सरासरीवरच करतो. प्रत्यक्षात एखाद्या मोठ्या पावसात त्याचा काही भाग भेगेतून केव्हाच खाली गेलेला असतो. आणि खाली कोणाची तरी विहीर असते. काही पाणी मातीत न मुरता मोकळ्या वाटांनी सरळ निघून जाते, हे इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट व वॉरिंग्टन यांनी १८८२ सालीच नोंदवले होते. आमचे नरसाळे अजून तेच!

शिक्षकांनी नरसाळे खुशाल ठेवावे, पण एक दिवस मुलांना शाळेच्या आवारात न्यावे. हातभर चौरस जागेवर खाण्याचा निळा रंग कालवलेले बादलीभर पाणी झारीने सोडावे. दुसऱ्या दिवशी त्याच जागेत उभा छेद घ्यावा. निळा रंग बहुधा एका पातळीत दिसणार नाही. कोठे बोटभर, तर कोठे वीतभर खोल गेलेला असेल. एखाद्या निळ्या रेघेच्या टोकाशी कदाचित गांडूळही सापडेल.